वाळूत शिरलेल्याला उकरू नका



आधी एक कबुली देते. गेल्या वर्षी माझ्या हातून एक जीव गेला.

नातवासाठी मुंबईहून कोणीतरी शंखातले दोन खेकडे आणले. हर्मिट क्रॅब म्हणतात त्यांना, गोगलगाईचा रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरणारे. "यांचे काही करावे लागत नाही," असे दुकानात सांगितले होते. दिवाळीनंतर त्यातला एक वाळूत शिरला, तो वर येईना. आठ दिवस वाट पाहिली. मेला असेल, वास सुटेल, म्हणून मी चमच्याने वाळू उकरली. आत तो पांढुरका, मऊ, पाय हलवत होता. दुसऱ्या दिवशी गेला.

तो मेला नव्हता, कात टाकत होता. या खेकड्याचे कवच अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून तो ओल्या वाळूत खोल जातो, जुने कवच सोडतो, नवे घट्ट होईपर्यंत तिथेच राहतो आणि सोडलेले कवचच खातो. लहानाला काही आठवडे लागतात, मोठ्याला दोन महिनेही. त्या काळात धक्का लागला की संपले.

लाज याची वाटते की मी मुरबाडची मुलगी, शहापूरची सून. आपल्याकडे भाताच्या बांधातले खेकडे उन्हाळाभर बिळात खोल, ओलाव्याला बसून असतात आणि पहिल्या पावसाला बाहेर येतात. वैशाखात कोणी म्हणत नाही की खेकडे मेले. मग डब्यातल्याला मी आठ दिवसांत मेलेला का ठरवले?

दुसऱ्यासाठी मात्र सगळे बदलले. झाकणाची काचेची पेटी आणली, म्हणजे आतली हवा दमट राहते. त्याला कल्ले असतात, कोरड्या हवेत तो गुदमरतो. वीतभर ओली वाळू घातली. एका वाटीत उकळून गार केलेले गोडे पाणी, दुसरीत समुद्राच्या मिठाचे. शिवाय न रंगवलेले दोन-तीन मोठे रिकामे शंख. खायला खोबरे, फळाची फोड, शेंगदाणा. गंमत म्हणजे आमच्या घरी सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही, हा एकटाच रात्री जेवतो!

पण माझे खरे म्हणणे पुढेच आहे. असा जीव घरी आणूच नये. हे खेकडे सहसा कोणी घरी वाढवत नाही. त्यांची पिल्ले समुद्रात वाढतात, म्हणून दुकानात येतात ते बहुतेक किनाऱ्यावरून धरलेलेच. मोकळा राहिला तर तीस वर्षेसुद्धा जगतो. किनाऱ्यावर तो मेलेले मासेही खातो, ते आपण घरात आणणार नाही. ज्याचे पथ्य आपल्याला सांभाळता येत नाही, त्याला हौसेपायी कोंडायचे कशाला? पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत जीवाला बांधून ठेवणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे, दोन्ही येतात. आपण ते मारण्याच्या बरोबरीने मोजत नाही, एवढेच.

"मग भातसा नदीत सोडून द्या," असे एकीने सुचवले. ती जीवदया नव्हे. नदीत तो जगणार नाही, आणि कुठून धरला ते माहीत नसताना कोणत्याही किनाऱ्यावर सोडणेही बरे नाही. घरात आला आहे, तर शेवटपर्यंत सांभाळणे हेच आता प्रायश्चित्त.

मी कॉमर्सवाली, हिशेब सुटत नाही. खेकडा स्वस्तात मिळाला. पेटी, वाळू, शंख यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. दुकानात तो आकडा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

दुसरा खेकडा आषाढी चौदसच्या सुमारास वाळूत गेला. साधू-साध्वींनी चातुर्मासासाठी विहार थांबवला आणि यानेही मुक्काम धरला. आज एकतीस दिवस झाले. सूनबाई रोज विचारते, "आई, जिवंत असेल ना?" मी वाळूवर पाणी शिंपडते आणि झाकण लावते. पेटीवर नातवाने चिठ्ठी चिकटवली आहे : उकरू नये.

पहिल्याला, मिच्छामि दुक्कडम्.