मोठ्या लीगमध्ये नवीन आलेल्या छोट्या कॉलेजशी खेळायला कोणी तयार का नसतं?

७ मार्च २०२३. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं मेरिमॅक नावाचं छोटं कॉलेज नॉर्थईस्ट कॉन्फरन्सची बास्केटबॉल फायनल ६७-६६ अशी जिंकलं. अवघ्या एका पॉइंटने. तिकडे नियम असा आहे की कॉन्फरन्स जिंकणारा संघ थेट 'मार्च मॅडनेस'मध्ये जातो, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत.

पण मेरिमॅक गेलंच नाही. गेलं ते फायनल हरलेलं फेअरली डिकिन्सन. आणि दहा दिवसांनी याच फेअरली डिकिन्सनने पहिल्या मानांकित पर्ड्यूला ६३-५८ असं घरी पाठवलं. पुरुषांच्या स्पर्धेत १६ व्या मानांकित संघाने पहिल्या मानांकित संघाला हरवण्याची ती फक्त दुसरी वेळ होती. ती क्लिप तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल.

मग मेरिमॅकचं काय चुकलं? काहीच नाही. ते नवीन होते, एवढंच.

अमेरिकेत कॉलेज खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था बघते. तिचे तीन स्तर आहेत आणि सगळ्यात वरचा म्हणजे डिव्हिजन वन. पुरुष बास्केटबॉलमध्ये या स्तरावर ३६० पेक्षा जास्त संघ आहेत. मेरिमॅक २०१९ मध्ये डिव्हिजन टूमधून वर आलं. वर आलेल्या कॉलेजला तेव्हा चार वर्षं मार्च मॅडनेस बंद असायचं. मॅचेस खेळा, जिंका, ट्रॉफी घ्या, पण पुढे जाऊ नका. २०२२ मध्ये केंटकी राज्यातल्या बेलारमिन युनिव्हर्सिटीचंही असंच झालं. कॉन्फरन्स स्पर्धा त्यांनी जिंकली आणि जागा मिळाली जॅक्सनविल स्टेटला. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएने हा नियम थोडा सैल केला. आता डिव्हिजन टूमधून येणाऱ्यांनी अटी पूर्ण केल्या तर तीन वर्षांत सुटका होते.

या बंदीवर भरपूर बोललं गेलंय. पण नवीन कॉलेजची रोजची डोकेदुखी वेगळीच असते, ती म्हणजे मॅचचं वेळापत्रक.

वेळापत्रक कोण ठरवतं?

आपल्याकडे २०१८-१९ च्या रणजी हंगामात बिहार, नागालँड, मेघालय, सिक्कीम असे नऊ नवे संघ आले. त्यांना प्लेट गटात टाकलं आणि कोणाशी कधी खेळायचं हे बीसीसीआयने ठरवून दिलं. मेघालयच्या कोचला फोन फिरवून कोणाला विचारावं लागलं नाही की बाबा, आमच्याशी खेळता का?

अमेरिकन कॉलेजमध्ये नेमकं हेच करावं लागतं. नेहमीच्या हंगामात एका संघाला जास्तीत जास्त ३१ मॅचेस खेळता येतात (२०२६-२७ पासून ३२). त्यातल्या साधारण १६ ते २० कॉन्फरन्स लावून देतं. उरलेल्या डझनभर मॅचेस ज्याच्या त्याने जमवायच्या. समोरचा संघ शोधा, तारीख जुळवा, जिम मोकळं आहे का बघा, करार करा. मोठ्या कॉलेजात या कामाला माणसं असतात. छोट्या कॉलेजात बऱ्याचदा एखादा असिस्टंट कोचच सराव, खेळाडूंची भरती आणि बसचं बुकिंग सांभाळून हेही बघतो.

आता मोठ्या संघाच्या बाजूने विचार करा. त्याला होम मॅच हवी असते, कारण तिकिटं, पार्किंग, टीव्ही असा सगळा पैसा होम मॅचमधून येतो. तो तुमच्या गावात कशाला येईल? त्यामुळे तो म्हणतो, आमच्याकडे या, आम्ही चेक देतो, परतीची मॅच मात्र मागू नका. याला तिकडे 'बाय गेम' म्हणतात. सोप्या भाषेत, पैसे देऊन विकत घेतलेली मॅच. २०१९ मध्ये केंटकीने इव्हान्सविलला अशा एका मॅचसाठी ९० हजार डॉलर दिले होते. त्या वेळच्या दराने साधारण ६४ लाख रुपये.

छोट्या कॉलेजसाठी ही रक्कम मोठी असते. अशा चार-पाच मॅचेस केल्या की प्रवासाचा बराच खर्च निघतो. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नवीन संघ जवळपास रस्त्यावरच असतो. बेलारमिनने नोव्हेंबर २०२१ मध्ये पर्ड्यू, गोन्झागा आणि यूसीएलए या तिघांशी खेळून घेतलं. त्यातले गोन्झागा आणि यूसीएलए तेव्हा देशात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होते. तिन्ही मॅचेस बेलारमिन हरलं. पुढच्या वर्षी स्टोनहिल या नव्याने आलेल्या कॉलेजची डिव्हिजन वनमधली पहिलीच मॅच कनेक्टिकटशी होती, तीही त्यांच्याच घरी. निकाल ८५-५४. कनेक्टिकटने त्या हंगामाचं विजेतेपदही जिंकलं. नवख्याला स्वागतालाच असा संघ!

हे खेळाडू विद्यार्थीही आहेत, हे विसरायला नको. डिसेंबरमध्ये सेमिस्टरच्या परीक्षा असतात आणि पोरं लॅपटॉप घेऊन विमानतळावर बसलेली असतात.

चांगलं खेळलात तर आणखी पंचाईत

खरी गंमत पुढे आहे. तुम्हाला वाटेल, दोन-तीन वर्षं मार खाऊ, संघ सुधारला की लोक आपणहून बोलावतील. होतं उलटंच.

२०१८ पासून एनसीएए संघांची प्रतवारी 'नेट' नावाच्या पद्धतीने करते. त्यात समोरचा संघ कितव्या क्रमांकावर आहे आणि मॅच कुठे झाली, यावरून मॅचचे चार दर्जे पडतात. घरच्या मैदानावर १६० च्या खालच्या संघाशी खेळलात तर ती चौथ्या दर्जाची मॅच. तिचं फार कौतुक नाही. पण या पद्धतीत संघाची कार्यक्षमताही मोजतात, त्यामुळे अगदी कमजोर संघाला ४० पॉइंटने धुतलं तर थोडा फायदा होतो.

आता समजा, एक छोटं कॉलेज मेहनतीने ११० व्या क्रमांकावर आलं. त्याला घरी बोलावून हरवलं तर तिसऱ्या दर्जाचा विजय, म्हणजे विशेष काही नाही. हरलात तर मात्र वर्षभर तो डाग. एवढी जोखीम घेऊन वर चेकही कोण देईल? त्यामुळे कमजोर नवख्याला बोलावणं येतं आणि तयार नवख्याचा फोन कोणी उचलत नाही. माझ्या मते हा प्रवेशबंदीपेक्षा मोठा अन्याय आहे. बंदीला निदान शेवटची तारीख तरी असते.

मोठे संघ घाबरतात ते उगाच नाही. ते ९० हजार डॉलर घेऊन इव्हान्सविल केंटकीत आलं तेव्हा केंटकी देशात पहिल्या क्रमांकावर होतं, आणि इव्हान्सविलने त्यांना ६७-६४ असं हरवलं. चेकही नेला, मॅचही नेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेलारमिनने आपल्याच शहरातल्या बलाढ्य लुईव्हिलला ६७-६६ ने पाडलं.

मग घरच्या प्रेक्षकांना मॅच दाखवायची कशी? त्यासाठी डिव्हिजन थ्री किंवा त्याहून वेगळ्या संघटनेतल्या जवळच्या कॉलेजला बोलावतात. शंभर पॉइंट होतात, पोरं खूश होतात, पण ती मॅच 'नेट'मध्ये धरतच नाहीत.

कॉन्फरन्स नसेल तर?

मग हाल विचारू नका. जानेवारी-फेब्रुवारीत सगळे आपापल्या कॉन्फरन्समध्ये अडकलेले असतात, खेळायला कोणी मोकळंच नसतं. न्यू जर्सीचं एनजेआयटी वर आल्यावर २००७-०८ मध्ये २९ पैकी २९ मॅचेस हरलं. पुढे त्यांची कॉन्फरन्सच बंद पडली आणि २०१३ ते २०१५ हा संघ एकटा फिरत होता. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी १७ व्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच घरी ७२-७० असं हरवलं, आणि २०१५ मध्ये अटलांटिक सन कॉन्फरन्सने त्यांना घेतलं. जॉर्जियाच्या सव्हाना स्टेटला मात्र हे झेपलं नाही. २००२ मध्ये वर आले, २००४-०५ मध्ये २८ पैकी एकही मॅच जिंकले नाहीत आणि २०१९ मध्ये पुन्हा डिव्हिजन टूमध्ये गेले.

तरीही रांग संपत नाही. डिव्हिजन वनचं नाव लागलं की टीव्हीवर दिसतो, ॲडमिशन वाढतात, असा कॉलेजांचा हिशोब असतो. मेरिमॅक ज्या नॉर्थईस्ट कॉन्फरन्समध्ये जिंकलं होतं, तिथे २०२४ मध्ये मर्सीहर्स्ट आलं, २०२५ मध्ये न्यू हेवन आलं. त्याच कॉन्फरन्सचं पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस मार्च २०२५ मध्ये मार्च मॅडनेस खेळलं आणि त्याच महिन्यात जाहीर केलं की आपण डिव्हिजन वन सोडून थेट डिव्हिजन थ्रीमध्ये चाललोय.