शाळेच्या वाचनालयात व्हिडिओ कॅमेरा? जरूर, पण पारखून!

मैत्रिणींनो, वाचनालयासाठी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा विषय पालक सभेत निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, घरोघरी मोबाईल आहेत, मग हा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण घरात मोबाईल असला तरी तो मुलांच्या हाती असतोच असं नाही. आमच्या कामोठ्यात कितीतरी घरांत एकच चांगला फोन, नि तो वडिलांबरोबर ड्यूटीवर जातो. त्या घरातल्या मुलीनं प्रकल्प कसा करायचा? वाचनालयाचं पुस्तक जसं सर्वांचं, तसा कॅमेराही सर्वांचा.

शिवाय त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं, याचंच चित्रीकरण केलं होतं. फिल्मला भोकं पाडण्यासारखी किचकट कामं सरस्वतीबाईंनी घर सांभाळून केली. वाटाण्याचं रोप तर आपल्याही खिडकीत लावता येतं!

आता निवड. खोक्यावरच्या मोठमोठ्या मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नका. आधी बाहेरचा माईक जोडायची सोय पाहा. चित्र थोडं मंद चालेल, पण पंख्याच्या घरघरीत आवाज बुडाला तर सगळंच वाया! झूम 'ऑप्टिकल' हवा. 'डिजिटल' झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणणं, त्यात ते फुटतं. बॅटरी काढता येणारी असावी नि एक जादा घ्यावी. तळाशी स्टँडसाठी पाव इंची आटे आहेत ना, तेही बघावं. म्हणजे कुठलाही साधा स्टँड बसतो.

फोर-केचा हट्ट नको. १०८० चं चित्रण सेकंदाला १६ मेगाबिटनं केलं, तर तासाला साधारण ७ जीबी जागा लागते. ६४ जीबीच्या कार्डावर आठेक तास आरामात मावतात.

पैसे कमी असतील तर? मग कॅमेऱ्याची घाई नकोच. शाळेच्या एखाद्या फोनला चांगला माईक नि स्टँड जोडा. स्वस्त, कामचलाऊ कॅमेऱ्यापेक्षा ते केव्हाही बरं.

घरी नेताना पुस्तकासारखीच नोंद हवी. परत आल्यावर चित्रण शाळेच्या संगणकावर उतरवून कार्ड मोकळं करावं. मुलांची चित्रं पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठंही टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानंही १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागितली आहे.

आणि हो, मुलांनी टिपायचं काय? स्नेहसंमेलन तर आहेच. पण सिडकोच्या इमारतींआधीपासून इथं आगऱ्यांची गावं आहेत. त्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते. ते कागदावर कमी नि तोंडी जास्त. ज्यांना पाठ आहेत अशा आज्या आता थकत चालल्या आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या ओटीवर बसून मुलींनी एकेक धवला टिपला, तर वाचनालयाच्या कपाटात असं काही जमा होईल, जे कुठल्याच दुकानात विकत मिळणार नाही.

तेव्हा पुढच्या सभेत कॅमेऱ्याची किंमत विचारालच, त्याबरोबर "माईक लागतो का हो?" हेही विचारा बरं!