गाडी मुलाची की बाबांची?



अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी १९५३ साली डॉन मर्फी या गृहस्थांनी कब मुलांसाठी एक शर्यत सुरू केली. स्वतः आत बसून उतारावरून गाडी सोडण्याची स्पर्धा तिथे होतीच, पण त्यांचा दहा वर्षांचा मुलगा तिच्यासाठी लहान होता. म्हणून पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार चाके, चार खिळे आणि उतरती पट्टी एवढ्यावर त्यांनी खेळ उभा केला. ही ‘पाइनवुड डर्बी’. गाडीला इंजिन नाही, ढकलायचे नाही, वजन सुमारे १४२ ग्रॅमपर्यंत. वडिलांनी आणि मुलाने शेजारी बसून काम करावे, हा त्यामागचा हेतू.

गेल्या वर्षी आपल्या कब-बुलबुलांनी असाच खेळ शाळेच्या सभागृहात केला. पहिली आलेली गाडी अगदी दुकानातल्यासारखी. बक्षीस देताना आम्ही सहज विचारले, “बाळ, चाक इतके हलके कसे फिरते?” उत्तर आले, “बाबांना विचारावं लागेल.” सगळे हसले, आम्हीही हसलो आणि बक्षीस देऊन मोकळे झालो.

त्याच दिवशी एका बुलबुलची गाडी सारखी डावीकडे जात होती. प्रत्येक फेरीनंतर ती खाली बसे, चाक काढी, वाकलेला खिळा सरळ करी. शेजारच्या मुलाने तिला आपला पॉलिश पेपर दिला. तिसऱ्या फेरीत तिची गाडी सरळ शेवटपर्यंत गेली. नंबर आला नाही. टाळ्याही मिळाल्या नाहीत, कारण आम्ही विजेत्याचे नाव लिहिण्यात गुंतलो होतो. ही चूक आमची.

खिळा वाकला की चाक घासते, चाक घासले की वेग जातो, हे ती मुलगी जन्मात विसरणार नाही. विजेत्याच्या हाती मात्र कप आला, विद्या बाबांकडेच राहिली.

मूल हरून रडेल, ही पालकांची भीती आम्ही समजू शकतो. आमच्या हातूनही घरी असे घडले आहे. आपल्या इंदुरात सगळेच म्हणतात, “हार-जीत तो लगी रहती है.” पण मुलाची हार आपल्याला कुठे सोसवते?

म्हणून यंदा गाड्या शाळेतच तयार होतील. करवत मोठ्यांनी धरायची. घासणे, रंगवणे, चाके बसवणे मुलांचे. एखादी पट्टी जास्त वेगवान असू शकते, म्हणून प्रत्येक गाडी प्रत्येक पट्टीवरून धावेल. आपली गाडी कशी सुधारली हे नीट सांगणाऱ्यालाही बक्षीस मिळेल. पालकांसाठी वेगळी शर्यत ठेवू. अमेरिकेतही कित्येक पथके तसे करतात. बाबांनी हौस तिथे भागवावी!

विश्वस्तांना एकच विनंती: सुतारकामाचे मोडके टेबल तेवढे दुरुस्त करून द्यावे. बाकीचे मुले पाहून घेतील.