निष्ठेचा बाजारभाव

कलावंत आणि रसिक यांचे नाते तिकिटाच्या मोलाने मोजावयाचे नसते, असा एक जुना समज आहे. अमेरिकेतील रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या चाहत्यांच्या बाबतीत २०२२ सालच्या जुलै महिन्यात या समजाची कठोर परीक्षा झाली. सहा वर्षांच्या खंडानंतर होणाऱ्या दौऱ्याची तिकिटे विक्रीस आली तेव्हा काही जागांचे दर मागणीनुसार आपोआप चढत गेले आणि बघता बघता चार-पाच हजार डॉलरांवर पोहोचले.

हे चाहते एका हंगामाचे हौशी नव्हेत. १९७५ साली ‘बॉर्न टू रन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हापासून या गायकाची साथ न सोडणारे असंख्य लोक त्यांत आहेत. एकच कार्यक्रम पुन्हा पुन्हा पाहण्यात काय मौज, असे इतरांस वाटते. परंतु येथे गाण्यांचा क्रम रोज बदलतो, श्रोत्यांनी उंचावलेल्या फलकांवरील फर्माईशही अचानक पुरी होते. ३१ जुलै २०१२ रोजी हेलसिंकी येथील कार्यक्रम चार तासांहून अधिक चालला. अशा गायनात श्रोता निव्वळ गिऱ्हाईक राहत नाही. मैफल रंगविण्यात त्याचाही वाटा असतो. न्यू जर्सीतील एका कष्टकरी कुटुंबात वाढलेल्या या गायकाने कारखान्यातील मजूर, बेकार तरुण, युद्धावरून परतलेला सैनिक यांनाच आपल्या गाण्यांचे नायक केले, त्यामुळे हा माणूस आपला आहे, अशी त्यांची भावना झाली. १९८८ साली मानवी हक्कांच्या प्रचारार्थ निघालेल्या ‘अ‍ॅम्नेस्टी’च्या जागतिक दौऱ्यात ते दिल्लीतही गाऊन गेले.

दरवाढीच्या समर्थकांचे म्हणणे सर्वथा टाकाऊ नाही. तिकिटे स्वस्त ठेवली, तर ती काळाबाजारवाल्यांच्या हाती पडतात आणि रसिकाला अखेरीस चढाच भाव मोजावा लागतो. दलालाच्या खिशात जाणारा पैसा मंचावर तीन तास घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये, अशा आशयाचा सवाल स्वतः स्प्रिंगस्टीन यांनी केला. ८८ टक्क्यांहून अधिक तिकिटे ठराविक दरानेच विकली गेली, असा खुलासा विक्रेत्या ‘तिकीटमास्टर’ कंपनीनेही केला.

तथापि या युक्तिवादात एक मूलभूत उणीव आहे. काळाबाजार हा गैरव्यवहार आहे, हे निदान सर्वांना मान्य असते. अधिकृत खिडकीच जेव्हा त्याच रीतीने भाव चढवू लागते, तेव्हा गैरव्यवहार संपत नाही, त्याला प्रतिष्ठा मिळते. शिवाय मागणी वाढते ती कोणामुळे? वर्षानुवर्षे निष्ठेने येणाऱ्या श्रोत्यांमुळेच. म्हणजे ज्याच्या प्रेमाने भाव चढतो, त्यालाच त्या भावाने दाराबाहेर ठेवले जाते.

या व्यथेचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘बॅकस्ट्रीट्स’ या नियतकालिकाचा अंत. १९८० साली सिअ‍ॅटल येथे चाहत्यांनीच सुरू केलेल्या या प्रकाशनाने ४३ वर्षे या एका गायकाचा मागोवा घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या चालकांनी काम थांबविले. या दरांमुळे आपला उत्साह ओसरला, ही त्यांची भूमिका होती. कोणतीही घोषणाबाजी न करता झालेला हा निषेध अधिक परिणामकारक म्हणावा लागेल.

दुसरा मार्ग नव्हता, असेही नाही. २०२३ सालीच ‘द क्युअर’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे रॉबर्ट स्मिथ यांनी चढत्या दरांची पद्धत नाकारली. एवढ्यावर न थांबता तिकिटांवरील अवाजवी आकाराबद्दल त्यांनी जाहीर आवाज उठविला, आणि तिकीटमास्टरला त्यातील काही रक्कम रसिकांना परत करावी लागली. कलावंताने मनात आणले, तर व्यापाराला मुरड घालता येते, हे यावरून स्पष्ट होते.

कलावंताने फुकट गावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. परंतु ते मोल आधी जाहीर झालेले आणि सर्वांना सारखे असावे. जागा कमी पडल्यास सोडत काढावी. पन्नास वर्षे सोबत केलेल्या श्रोत्याला सवलत नको असते. आपल्या ओढीचा लिलाव होऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती पुरी करणे कलावंताच्या हाती आहे.