मैदानाची चावी

बास्केटबॉलचे कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असते, म्हणजे 420 चौरस मीटर. क्रिकेटच्या एका मोठ्या मैदानात अशी वीसेक कोर्टे सहज मावतील. दाटीवाटीच्या शहरात हे गणित महत्त्वाचे आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर निघते, हे मागच्या विकास आराखड्याच्या वेळी सर्वांसमोर आलेच होते. एवढ्याशा जागेत दहा मुलांना तासभर पळवणारा, घामाने निथळवणारा खेळ म्हणून बास्केटबॉल गल्लीबोळांच्या वस्तीला सोयीचा आहे. तरीही जाळी नसलेली रिंग, गंजलेला खांब आणि त्याला बांधलेला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक हे दृश्य शहरोशहरी दिसते. रिंग बसवायला एक दिवस पुरतो. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याखाली दीड महिना रोज मुले जमवायला मात्र आसपासची मोठी माणसे लागतात. उन्हाळी लीग उभी राहते ती या माणसांच्या वेळावर. आपली मदत, मग ती पालिकेची असो, देणगीदारांची असो की मंडळांची, खांब, करंडक आणि टी-शर्टांवर संपते आणि या माणसांपर्यंत पोचतच नाही.

याचा सर्वांत जवळचा दाखला नागपाड्याचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1920 च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ सुरू केले. भारतातल्या समाजकार्याच्या शिक्षणाची पहिली संस्था, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, 1936 साली याच वास्तूत सुरू झाली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक होते. या मिशनरी मंडळींबरोबर वस्तीत बास्केटबॉल आला. पुढे मॅन्शार्ट गेले, संस्था आधी अंधेरीला आणि मग देवनारला हलली, पण खेळ नागपाड्यातच राहिला. कामाठीपुऱ्याला लागून असलेल्या, वर्तमानपत्रांत एरवी वेगळ्याच कारणांनी गाजणाऱ्या या भागाने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार घडवला. त्यांना 1970 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. परक्यांनी आणलेला खेळ ते गेल्यावर टिकला, कारण तो शिकवायची जबाबदारी मोहल्ल्याने घेतली. जुन्या खेळाडूंनी नव्यांना शिकवले. ज्या बच्चू खान यांनी पिढ्या घडवल्या, त्यांचेच नाव आज तिथल्या पालिकेच्या मैदानाला आहे. रस्त्यांना आणि चौकांना पुढाऱ्यांची नावे देणाऱ्या शहरात एक मैदान वस्तीतल्या प्रशिक्षकाच्या नावाने ओळखले जाते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधली कहाणीही याच वळणाची आहे. होलकम रकर हा तिथल्या उद्यान खात्याचा कर्मचारी. 1948 ते 1964 अशी सोळा वर्षे तो मैदानांची देखरेख करत होता. त्याने गल्लीतल्या मुलांसाठी उन्हाळी स्पर्धा सुरू केली, आणि पुढे विल्ट चेंबरलेनपासून ज्युलियस अर्व्हिंगपर्यंतचे मोठे खेळाडू तिथे खेळायला येऊ लागले. रकर पार्कचे नाव जगात झाले ते या खेळाडूंमुळे. रकरचे खरे काम मात्र कोर्टाबाहेर चाले. तो मुलांची प्रगतिपुस्तके मागून बघायचा, अभ्यास घ्यायचा, महाविद्यालयांशी बोलणी करायचा. त्याच्या मदतीने सातशेहून अधिक मुलांना खेळाच्या शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात जाता आले, अशी नोंद न्यूयॉर्कच्या उद्यान खात्याने केली आहे. नगरपालिकेच्या एका साध्या नोकरीतून हे घडले, कारण ती नोकरी करणारा माणूस त्या वस्तीतला होता आणि तिथेच टिकून राहिला. फिलाडेल्फियात सनी हिल यांनी 1968 साली टोळ्यांच्या हाणामाऱ्यांतून मुलांना बाजूला काढण्यासाठी जी लीग काढली, तिचाही आधार असाच होता.

थोर माणसांच्या या गोष्टी ठीक, पण अपवादांवर धोरण कसे आखणार, असे कुणी विचारेल. त्यासाठी शिकागोकडे पाहावे लागेल. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 343 वस्त्यांमधल्या सुमारे 8,800 रहिवाशांशी बोलून केलेला अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. त्यातले प्रश्न अगदी घरगुती होते. शाळा बुडवून मुले कोपऱ्यावर उभी दिसली, तर तुमचे शेजारी त्यांना हटकतील का? एखादे पोर मोठ्यांशी उर्मट बोलले, तर कुणी त्याला टोकेल का? ज्या वस्त्यांत ‘हो’ म्हणणारे जास्त निघाले, तिथे हिंसा कमी होती, आणि गरिबी व लोकांचे सतत येणे-जाणे जमेला धरूनही हा फरक उरला. आपल्याकडे चाळीतली कुठलीही मावशी कुणाच्याही पोराचा कान धरू शकत असे, त्याचेच हे मोजमाप म्हणायला हरकत नाही. चाळी पाडून टॉवर उभे राहिले, भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलू लागले, आणि कुणाचे पोर कोणते हे कळेनासे झाले. उन्हाळी लीग ही ओळख पुन्हा घालून देते. दीड महिना रोज संध्याकाळी गुणफलक सांभाळणाऱ्या काकांना चाळीस मुलांची नावे तोंडपाठ होतात. जूनमध्ये त्यातला एखादा शाळेच्या वेळेत नाक्यावर दिसला, तर काका त्याला नावाने हाक मारतात. मुले बास्केटबॉल किती शिकली यापेक्षा ही हाक मला मोठी मिळकत वाटते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप अमेरिकेतच घेतला गेला. मेरीलँडमधल्या ग्लेनार्डन गावात 1986 साली ‘मिडनाइट बास्केटबॉल’ सुरू झाले. तरुणांना रात्री दहाच्या पुढे कोर्टावर गुंतवून ठेवायचे, अशी ती योजना होती. 1994 च्या गुन्हेगारीविरोधी विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा या योजनेला उधळपट्टीचे उदाहरण म्हणून झोडपण्यात आले. जी मुले खेळायला येतात ती मुळात बिघडलेली नसतात आणि बिघडलेली येतच नाहीत, असा तो युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहे. पुढे 2006 साली डग्लस हार्टमन आणि ब्रुक्स डेप्रो यांनी आकडेवारी तपासली, तेव्हा ही योजना लवकर स्वीकारणाऱ्या शहरांत मालमत्तेचे गुन्हे इतर शहरांपेक्षा जास्त वेगाने घटलेले दिसले. पण मूठभर खेळाडूंमुळे अख्ख्या शहराचे आकडे बदलतात, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. माझ्या मते याचा अर्थ इतकाच की, लीगला गुन्हेगारीवरचे औषध म्हणून विकू नये. तसे विकले की पैसा पोलिसांच्या खात्यातून येतो, मुलांकडे संशयाने पाहिले जाते आणि आकडे हलले नाहीत की योजना गुंडाळली जाते. सुट्टीत मुलांना खेळायला जागा आणि ओळखीची मोठी माणसे मिळावीत, हे कारण स्वतःच्या बळावर पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. मैदाने सांभाळणे हे पालिकेचे काम, त्यासाठी कर भरतो, मग लोकांनी का राबायचे? शिवाय ‘लोकसहभाग’ म्हटले की कुणीतरी मैदानाला कुंपण घालतो, क्लब काढतो आणि पोरे बाहेर राहतात, हा अनुभव मुंबईकरांना आहे. मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणाला 2016 साली नागरिकांचा इतका विरोध झाला की ते थांबवावे लागले, आणि तो विरोध योग्यच होता. म्हणून वस्तीचा आधार आणि जागेचा ताबा या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवायला हव्यात. जमीन, दिवे, पाणी, फरशीची डागडुजी आणि विमा ही जबाबदारी पालिकेची, ती कुणाच्याही गळ्यात घालता कामा नये. वस्तीने द्यायचा तो वेळ. पंच, गुणलेखक, पाण्याचा पिंप भरणारे कुणी, गुडघा फुटला तर पट्टी बांधणारे कुणी, आणि सकाळी ऊन चढायच्या आत मुलांना घरी पाठवणारे कुणी. हे काम आपल्याला नवे नाही. गणपतीत वर्गणी काढणारी, पाळ्या लावून रात्री जागणारी मंडळे गल्लोगल्ली आहेत. गिरणगावात कबड्डी याच मंडळांनी जगवली. दहा दिवसांच्या उत्सवासाठी जी शिस्त उभी राहते, तिच्यातला थोडा भाग मे महिन्याकडे वळवला, तर नवी संस्था काढायची गरजच उरत नाही.

मग कबड्डीच का नको, बास्केटबॉलच कशाला? खरे तर ज्या वस्तीत जो खेळ रुजला आहे तोच घ्यावा. बास्केटबॉलचा एक गुण मात्र सांगायलाच हवा. त्यात अंगाला अंग भिडवणे नियमात बसत नाही आणि लहान जागेत सगळे डोळ्यांसमोर राहतात, त्यामुळे मुलींना पाठवायला घरचे तुलनेने लवकर तयार होतात. पण तेही वेळ ठरलेली असेल, दिवे लागत असतील आणि कठड्यावर दोन-चार ओळखीच्या बाया बसलेल्या असतील तरच. मुलींची लीग कुठे बंद पडली तर आधी संघ मोजू नयेत, त्या बाया येत होत्या का, ते पाहावे. शहरात खेळाच्या जागा असूनही मुली दिसत नाहीत, त्याचे एक कारण या रिकाम्या कठड्यातही आहे.

तेव्हा वॉर्ड ऑफिसकडे मागायचे ते फार मोठे नाही. बक्षिसांच्या रकमेऐवजी प्रत्येक मैदानामागे उन्हाळ्यासाठी एक छोटा मानधन निधी असावा. वस्तीतला जो जुना खेळाडू दीड महिना मुलांना शिकवेल, त्याचा बुडालेला रोज त्यातून भरून निघावा. हे काम फुकट करायला लावले की ते परवडणाऱ्यांच्याच हातात जाते, आणि नागपाड्यासारख्या वस्तीत शिकवायला सर्वांत लायक असलेली माणसे रोजावर जगणारीच असतात. उद्घाटनाचा मंडप, पाहुणे आणि हारतुरे यांचा खर्च वाचला तरी यातला बराच भाग निघेल. दुसरी गोष्ट चावीची. बहुतेक मैदानांचे कुलूप एका सुरक्षारक्षकाच्या पाळीवर अवलंबून असते. एक चावी त्याच्याकडे राहू द्यावी, दुसरी वस्तीतल्या दोन माणसांकडे द्यावी आणि त्यांची नावे फाटकावर लावावीत. मग 1 मेच्या सकाळी साडेसहाला, ध्वजवंदनाच्या आधी, ते फाटक उघडलेले असले पाहिजे.