पुरी नव्हे, झोपाळा

आमच्या भैरवगढहून मंगळनाथाचं देऊळ फार लांब नाही. उज्जैनच्या श्रद्धेप्रमाणे मंगळ जन्मला तो इथेच, क्षिप्रेच्या काठी. भातपूजेसाठी महाराष्ट्रातून येणारे नातेवाईक आमच्याकडेच उतरतात. २०१९ साली ‘मिशन मंगल’ आला आणि त्यातली शास्त्रज्ञ तारा शिंदे निघाली, तेव्हा घरात केवढं कौतुक झालं! शिंद्यांच्या जुन्या राजधानीत शिंदे आडनावाची बाई मंगळावर यान धाडते आहे. टाळ्या मीही वाजवल्या. अडलो तो पुरीच्या प्रसंगापाशी.

तेल एकदा कडकडीत तापलं की गॅस बंद केला तरी पुरी तळून निघते. तसंच इंजिन सतत न चालवता, इंधन वाचवत यान मंगळाकडे नेता येईल, असं तारा पटवून देते. मी हरकत घेतली, तर भाचा म्हणाला, “मामा, सिनेमा आहे तो. विज्ञान कशाला शोधता? लोकांना समजलं, भिडलं, झालं.”

हा पूर्वपक्ष एकट्या भाच्याचा नाही. अवकाशपटांबद्दल बोलताना शिकलीसवरलेली माणसंही हेच म्हणतात. मला तो मुळातच मान्य नाही, कारण त्यात गृहीत धरलंय की खरं विज्ञान सांगितलं तर ते भिडणार नाही.

आधी पुरीचंच बघू. तापलेल्या तेलातली उष्णता क्षणाक्षणाला उतरते. गॅस बंद ठेवला तर चौथी-पाचवी पुरी तेल पिऊन मऊ पडते. अवकाशात असं काही होत नाही. तिथे अडवायला हवा नाही, त्यामुळे इंजिन बंद असणं हीच यानाची नेहमीची अवस्था. खरी युक्ती इंजिन सुरू कधी करायचं, यात आहे. आणि त्यासाठी घरातलाच दाखला हवा असेल तर तो झोपाळ्याचा. झोपाळ्यावर बसलेली आजी पायाचा रेटा कुठे देते? झोपाळा सर्वांत खाली येतो तिथे, वेग सर्वांत जास्त असतो तिथे. तेवढ्याशा रेट्याने पलीकडचं टोक आणखी वर जातं. मंगळयानाने हेच केलं. ५ नोव्हेंबर २०१३ ला पीएसएलव्हीने ते श्रीहरिकोट्याहून सोडलं आणि पुढचे काही दिवस ते लंबवर्तुळात फिरत राहिलं. पृथ्वीजवळून भरधाव जाताना थोडा वेळ इंजिन, की दूरचं टोक आणखी दूर. सुमारे २३ हजार किलोमीटरवरचं ते टोक १६ नोव्हेंबरपर्यंत १ लाख ९२ हजारांवर गेलं. लहान रॉकेटवर १,३३७ किलोचं यान मंगळाकडे निघू शकलं त्यात या रेट्यांचा मोठा वाटा होता. पुरीइतकंच सोपं आहे हे, आणि खरंही आहे. सोपं करण्यासाठी खोटं करावं लागतं, हा समज इथेच मोडतो.

नाट्य तर त्यात भरून उरलंय. चौथ्या रेट्याला, ११ नोव्हेंबरला, टोक १ लाख किलोमीटरवर जायचं होतं. ७८ हजारांवरच अडकलं. इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकदम चालवून पाहिली, तर प्रवाहच थांबला. दुसऱ्या दिवशी जादा रेटा देऊन कसर भरून काढली.

“लोकांना यात रस नसतो” म्हणणाऱ्याने २१ जूनला दुपारी आमच्या वेधशाळेत यावं. सवाई जयसिंहाने बांधलेली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली, गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या मराठी ज्योतिर्विदाने सांभाळलेली ही जागा. उज्जैन कर्कवृत्ताला जवळजवळ टेकलेलं, म्हणून त्या दिवशी माध्यान्हीला शंकूची सावली नाहीशी झाल्यासारखी होते. काय होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, तरी लोक उन्हात उभे राहतात आणि सावली आक्रसताना श्वास रोखतात.

मात्र हातात फूटपट्टी घेऊन प्रत्येक चूक मोजणाऱ्यांच्याही बाजूने मी नाही. ‘द मार्शियन’मधलं वादळ अशक्य आहे, मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथला वारा यान काय कलंडवणार? पण ते वादळ नायकाला एकटं पाडण्यापुरतं आहे. पुढे बटाटे, पाणी, दिवस यांचा हिशेब कथेला चुकवता येत नाही. ‘ग्रॅव्हिटी’चं उलटं. दोरीला लटकलेला सोबती थांबलेला असतो, त्याला ओढणारं काही उरलेलं नसतं, हलक्या हिसक्याने तो परत आला असता. तरी तो दोरी सोडतो आणि आपण रडावं अशी अपेक्षा! हबल आणि अवकाश स्थानक यांच्या कक्षांची पातळी वेगळी, एकीवरून दुसरीकडे असं तरंगत जाता येत नाही, हेही मी सोडून देईन. मरण मात्र खोट्या कारणाने आलेलं मला सोसत नाही.

भैरवगढच्या बाटिकवाल्यांना हा फरक सांगावा लागत नाही. मेण कुठे लावायचं ते कारागिराच्या मर्जीवर. मोर काढा, वेल काढा. पण एकदा कापड रंगात बुडालं की मेणाखाली रंग शिरणार नाही आणि मेणाला तडा गेला तर शिरल्याशिवाय राहणार नाही. तड्यांतून उतरलेल्या त्या रेषांसाठीच तर गिऱ्हाईक ते कापड उचलतं. गोष्टीतलं खरं विज्ञानही असंच भिडतं. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली. नावाचं वजन बाजूला ठेवूनही त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मराठी वाचकाने केव्हाच दिलेलं होतं.

मला बघायचा आहे तो सिनेमा २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळचा. सुमारे ३०० दिवस निजलेलं, दोन दिवसांपूर्वी चाचणीपुरतं जेमतेम चार सेकंद जागं झालेलं मुख्य इंजिन ७ वाजून १७ मिनिटांनी पेटायचं आहे. आज्ञा आधीच धाडलेल्या आहेत. इंजिन चालू असतानाच यान मंगळाच्या आड जाणार, आणि तिथून निघालेला संदेश इथे पोचायला साडेबारा मिनिटं. बंगळुरूच्या त्या खोलीत कोणालाच काही करता येणार नाही. पटकथाकाराने त्यात काहीही घालू नये. कॅमेरा फक्त त्या चेहऱ्यांवर ठेवावा, आठ वाजेपर्यंत.