केस पेपर टाकून देऊ नका

देवगाव फाट्यावर सेलूच्या, जिंतूरच्या गाडीची वाट बघत उभे असणाऱ्यांत असेही असतील, ज्यांच्या घरातल्या माणसाला गाव ‘वेडा’ म्हणतं. हे त्यांच्यासाठी.

गुन्ह्याचा आरोप झाल्यावर पोलीस किंवा कोर्ट मानसोपचाराच्या ओपीडीत तपासणीला ज्यांना पाठवतात, त्यांत कमावत्या वयाचे पुरुष जास्त. अनेकांचा आजार जुना असतो, गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडलेल्या असतात, वर दारू. मार खाणारं माणूसही बहुतेक वेळा घरातलंच निघतं. एरवी मनाचा आजार असलेले बहुतेक जण कुणाच्या वाटेला जात नाहीत, हेही गावानं ऐकावं.

आपल्याच राज्यातल्या एका पोलीस शिपायानं 1994 साली बायकोचा जीव घेतला. खालच्या कोर्टानं शिक्षा दिली, ती उच्च न्यायालयानं कायम केली. 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. कशाच्या जोरावर? स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजाराचे उपचार 1992 पासून चालू होते, घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं, आणि या सगळ्याची नोंद होती. आजार आहे एवढं सांगून भागत नाही. ते कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे आजारामुळे कळत नव्हतं, असं आरोपीच्या बाजूनं दाखवावं लागतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 22 तेच म्हणतं. ते दाखवायला दवाखान्याचे कागद लागतात; अंगाऱ्याची पावती कुणी देत नाही.

देवऋषाकडे जायचं तर जा, माझं भांडण नाही; पण गोळी बंद करू नका. केस पेपर, चिठ्ठ्या, औषधांची बिलं एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. कागद हरवले असतील तर दवाखान्यात मागा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो हक्क दिला आहे. माणसाला साखळीनं बांधायला त्याच कायद्यानं बंदी आहे. झोप उडाली, संशय वाढला, एकटाच बोलायला लागला, की भांडण होण्याची वाट न बघता परभणीला दाखवा. रात्री-बेरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि अटक झालीच, तर आजाराची गोष्ट लाजेनं लपवू नका. पोलिसांना आणि न्यायाधीशांना पहिल्याच दिवशी सांगा, कागदांच्या झेरॉक्स द्या. वकील परवडत नसेल तर परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.